हात सुटला तर काय?

एक रुपयाच्या नोटेच्या मागच्या बाजूला समुद्रात उभी असलेली एक रिग छापलेली आहे. ती 'सागर सम्राट'. जपानमधल्या हिरोशिमाच्या गोदीत १९७३ साली ती बांधली गेली आणि १९७४च्या फेब्रुवारीत, मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, तिने बॉम्बे हायचं तेल शोधून काढलं. नोट उजेडात धरली तर रिगवरचा उंच लोखंडी मनोरा दिसतो. त्याला डेरिक म्हणतात. डेरिकच्या पायथ्याशी एक मोठा ड्रम असतो, ड्रमवर दोन बोटं जाडीचा पोलादी दोर गुंडाळलेला असतो आणि ड्रमच्या शेजारी छातीच्या उंचीचा एक लोखंडी दांडा असतो. नोटेवर यातलं काही दिसत नाही. माझी नोकरी मात्र त्या दांड्याभोवतीच झाली, म्हणून त्याच्याबद्दल लिहितो आहे.

हा दांडा म्हणजे ब्रेकचं हँडल. ते ज्याच्या हाती असतं तो ड्रिलर. रिगवर इंजिनिअर असतात, भूशास्त्रज्ञ असतात, विहिरीत फिरवला जाणारा चिखल सांभाळणारे केमिस्ट असतात, वरचा साहेब म्हणजे टूलपुशर असतो. पण विहिरीत लटकलेलं शेकडो टनांचं वजन त्या क्षणी एकाच माणसाच्या ताब्यात असतं.

मी उरणचा. घरचे सगळे करंजाच्या बंदरातून मासेमारीला जाणारे, बाबा तांडेल. रिगवर मी फ्लोअरमन म्हणून लागलो, मग डेरिकमन, असिस्टंट ड्रिलर आणि शेवटी ड्रिलर झालो. दोन आठवडे समुद्रात, दोन आठवडे घरी, आणि समुद्रात असताना रोज बारा तासांची पाळी. घरी आल्यावर लोक विचारायचे, एवढं खोल भोक पाडायला मशीन केवढ्या जोराने ढकलावं लागत असेल? हा प्रश्न स्वाभाविक आहे. शेतात बोअर मारायला गाडी येते तेव्हा सगळ्यांनी पाहिलेलं असतं की मागच्या लिव्हर ओढल्या की हातोडा घणघणत जमिनीत घुसतो. तेलाच्या विहिरीचं उलट आहे. तिथे ढकलायचं नसतं, धरून ठेवायचं असतं.

कसं ते सांगतो. खडक फोडणारं टोक म्हणजे बिट. त्याच्या वर सुमारे नऊ-नऊ मीटरचे पाइप एकाला एक आट्यांनी जोडत जायचं. विहीर दीड-दोन किलोमीटर खोल गेली की पाइपांचं हे ओझं, तळाशी जोडलेल्या जाड आणि जड ड्रिल कॉलरसकट, सहज शंभर टनांवर जातं. बिटला खडक कापायला समजा पंधरा टन हवेत. सगळे शंभर टन त्याच्यावर सोडून दिले तर वरचे पाइप वाकतील, भोक तिरपं जाईल, बिटचे बेअरिंग फुटतील आणि एखाद्या जोडाशी पाइप पिळवटून तुटेल. म्हणून पंधरा टन खाली द्यायचे आणि पंच्याऐंशी टन वर हुकाला धरून ठेवायचे. हे पंधरा टनही फक्त तळाच्या ड्रिल कॉलरांचेच असले पाहिजेत. वरचे पातळ पाइप कायम ताणलेले राहिले पाहिजेत. बिट बोटभर खाली गेलं की त्याच्यावरचं वजन कमी होतं. मग ड्रिलरने ब्रेक किंचित सैल करायचा, दोर थोडासा सोडायचा, वजन पुन्हा पंधरावर आणायचं. पुन्हा बोटभर, पुन्हा थोडासा. दोन-तीन किलोमीटरची विहीर अशीच होते.

आता दोराचा प्रवास पाहा. ड्रमवरून निघालेला दोर डेरिकच्या माथ्यावरच्या क्राउन ब्लॉकच्या कप्प्यांवरून खाली येतो, हुक असलेल्या ट्रॅव्हलिंग ब्लॉकच्या कप्प्यांतून पुन्हा वर जातो, आणि असे आठ, दहा किंवा बारा पदर होतात. शेवटचं टोक डेरिकच्या पायाशी पक्कं बांधलेलं असतं. ती डेडलाइन. तिथे तेल भरलेली एक डबी बसवलेली असते. दोराचा ताण त्या तेलावर येतो, नळीतून ड्रिलरसमोरच्या तबकडीत पोहोचतो आणि काटा हुकावरचं वजन दाखवतो. दहा पदर आणि हुकाला दोनशे टन असतील तर ड्रमवर येणाऱ्या पदरात वीस टनांच्या आसपास ताण असतो. आमच्याकडे चालणारा ३५ मिलिमीटरचा दोर तुटायला सुमारे ८७ टन लागतात. म्हणजे दोराला श्वास घ्यायला जागा आहे. पण या व्यवहाराची दुसरी बाजू अशी की हुक एक मीटर खाली यायला ड्रमवरून दहा मीटर दोर सुटावा लागतो. तीन पाइपांचा एक जोड, ज्याला आम्ही स्टँड म्हणतो, सत्तावीस मीटरचा. तो विहिरीत उतरवताना २७० मीटर दोर सुटतो आणि ड्रम शंभरावर फेरे फिरतो, तेही मिनिटाभरात. हे सगळं थांबवायचं काम हातातल्या दांड्याचं.

एका माणसाच्या हाताला हे झेपतं कसं, याचं उत्तर फार सुंदर आहे. मला ते इंजिनिअरिंगच्या पुस्तकाआधी करंजाच्या धक्क्यावर मिळालं होतं. बाबा होडी लावताना दोराचे दोन वेढे खुंट्याला द्यायचे आणि सैल टोक नुसतं हातात धरायचे. लाटेने होडी कितीही ओढली तरी त्यांच्या हाताला ओढ लागायची ती अगदी थोडी. दोर आणि खुंटा यांच्यातलं घर्षण ताण खाऊन टाकतं. शिवाय हे घर्षण वेढ्याबरोबर बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं.

ड्रमच्या दोन्ही कडांना रुंद पोलादी चकत्या असतात, त्यांना रिम म्हणतात. प्रत्येक रिमभोवती एक पोलादी पट्टा असतो. तो रिमला साधारण पाऊण वेढा घालतो आणि त्याच्या आतल्या बाजूला ब्रेकचे ठोकळे बसवलेले असतात. पूर्वी ते ॲस्बेस्टॉसचे असत, आता वेगळ्या मिश्रणाचे असतात. पट्ट्याचं एक टोक घट्ट बांधलेलं, दुसरं टोक हँडलच्या जोडणीला. हँडल खाली दाबलं की जमिनीखालचा एक शाफ्ट थोडा फिरतो, त्यावरच्या क्रँक दोन्ही पट्ट्यांची मोकळी टोकं ओढतात आणि पट्टे रिमवर आवळले जातात. मेख अशी की वजन खाली येताना ड्रम ज्या दिशेने फिरतो, त्याच दिशेने तो पट्ट्याला बांधलेल्या टोकापासून दूर खेचतो. म्हणजे पडणारं वजन स्वतःच पट्टा आवळून घेतं. ड्रिलरने फक्त सुरुवात करून द्यायची.

आकडा मांडून पाहू. रिगप्रमाणे मापं बदलतात, पण अंदाज येईल. दोराचा वीस टनांचा ताण ०.४ मीटर त्रिज्येच्या ड्रमवर येतो आणि रिमचा व्यास सव्वा मीटरच्या थोडा वर आहे. तर रिमवर साडेबारा टनांची ओढ थोपवायची आहे, प्रत्येक पट्ट्याला सव्वासहा टन. ठोकळ्यांचा घर्षणांक ०.५ आणि वेढा पाऊण फेऱ्याचा असेल, तर पट्ट्याच्या दोन टोकांतल्या ताणांचं गुणोत्तर साडेदहाच्या आसपास येतं. म्हणून मोकळ्या टोकाला साधारण ६६० किलोंची ओढ पुरते. दोन पट्ट्यांचे मिळून तेराशे किलो. दांडा आणि क्रँक मिळून ताकद चाळीसपट करत असतील तर हाताशी उरतात ३३ किलो. दोनशे टनांना ३३ किलो! हँडल खाली दाबल्यावर ब्रेक लागतो, ओढल्यावर नाही, यालाही कारण आहे. दाबताना माणूस आपलं अख्खं अंग त्याच्यावर टाकू शकतो.

पण याच गणिताची दुसरी बाजू प्रत्येक ड्रिलरला माहीत असायला हवी. रिमवर तेलाचा पातळ थर आला आणि घर्षणांक ०.५चा ०.२५ झाला तर? घर्षण निम्मं झालं, म्हणजे हाताला दुप्पट जोर लावावा लागेल असं वाटतं. तसं होत नाही. टोकांचं गुणोत्तर साडेदहावरून सव्वातीनवर घसरतं आणि तेच वजन धरायला ३३ किलोंच्या जागी १४० किलो लागतात. गुणाकाराने मिळालेलं गुणाकारानेच जातं.

हे मी कागदावर नंतर केलं, अनुभवलं आधी. तेव्हा मी असिस्टंट ड्रिलर होतो आणि हँडलवर होते शिवसागरचे एक ज्येष्ठ ड्रिलर. आसामच्या जमिनीवरच्या रिग्जवर त्यांचे हात घडले होते. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. बिट बदलून पाइप पुन्हा विहिरीत उतरवणं चालू होतं. एक स्टँड उतरवताना दादा माझ्याकडे न बघता म्हणाले, "हँडल खाली जातंय." मला वाटलं ते स्वतःच दाबत आहेत. मग त्यांचे दोन्ही हात आणि छाती त्या दांड्यावर टेकलेली पाहिली आणि तबकडीमागे ड्रम अजून फिरतोय हेही दिसलं. मी धावलो आणि माझं सगळं वजन त्यांच्या हातांशेजारी टाकलं. दोघांच्या वजनाने ड्रम थांबला. फ्लोअरवरच्या पोरांनी पाइपाभोवती स्लिप्स बसवल्या. स्लिप्स म्हणजे दातेरी पाचरी, त्या पाइपाला रोटरी टेबलात, म्हणजे फ्लोअरवरच्या पाइप फिरवणाऱ्या चकतीत, अडकवतात. ओझं हुकावरून उतरलं, तेव्हा आम्ही हात सोडले.

झाकण काढल्यावर कळलं की गिअरबॉक्सच्या एका सीलमधून तेल झिरपत होतं आणि फिरणाऱ्या शाफ्टवरून उडून एका बाजूच्या रिमवर बसत होतं. ठोकळे बदलले, रिम धुऊन पुसून काढल्या, सील बदललं. काम तेवढा वेळ बंद राहिलं आणि किनाऱ्यावरच्या ऑफिसातून फोनही येत राहिले. आमचे टूलपुशर फोन घ्यायचे, शांतपणे कारण सांगायचे आणि पुन्हा ड्रमपाशी येऊन बसायचे. रिगचं भाडं तासाच्या हिशेबाने चालतं, त्यामुळे थांबणं फार महाग असतं. तरी ते थांबले. त्या माणसाबद्दल मला आजही आदर आहे.

त्या रात्री दादांनी मला डॉगहाउसमध्ये, म्हणजे ड्रिलरच्या खोपटात, बसवून सांगितलं की पाळीवर आलास की आधी बॅलन्स बार बघ. पट्ट्यांची बांधलेली टोकं जमिनीला बांधलेली नसतात, ती एका आडव्या दांड्याच्या दोन टोकांना असतात आणि दांडा मध्यभागी खिळीवर डोलतो. त्यामुळे दोन्ही पट्ट्यांवर भार सारखा वाटला जातो. एक पट्टा तुटलाच तर दांडा त्या बाजूने कलून आधाराला टेकतो आणि सगळं ओझं दुसरा पट्टा पेलतो. बार तिरपा दिसला तर एका बाजूचे ठोकळे जास्त झिजले आहेत असं समजायचं. हँडल नेहमीपेक्षा खाली जाऊन थांबत असेल तर झीज दोन्ही बाजूंची आहे. मग नट आवळून ते पुन्हा कमरेच्या वर आणायचं, कारण हँडल जमिनीला टेकलं की दाबायला जागाच उरत नाही. जोडणीतल्या प्रत्येक खिळीला कॉटर पिन आहे की नाही ते हाताने चाचपायचं, डोळ्यांनी नाही. हे सगळं करायला दहा मिनिटं पुरतात.

उष्णतेबद्दलही बोलायला हवं. दोनशे टन सत्तावीस मीटर खाली येतात तेव्हा जवळपास ५३ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. खोलीतल्या तापमानाचं १७० लिटर पाणी उकळीला आणायला तेवढी ऊर्जा पुरते. स्टँडमागे एवढी. आणि पाइप पुन्हा विहिरीत उतरवताना साठ-सत्तर स्टँड एकामागून एक जातात, ओझं वाढत जातं. सगळी उष्णता पट्ट्यांनी घेतली तर ठोकळे करपतात, घर्षण घटतं आणि रिमला बारीक तडे जातात. म्हणून रिमच्या आतून पाणी खेळवलेलं असतं. आणि म्हणूनच तापलेल्या रिमवर बाहेरून गार पाणी मारायला सक्त मनाई असते. ते नवख्या पोराला आधी सांगावं लागतं, कारण त्याचा हात होजपाइपकडेच जातो.

खरा भार घेतो तो सहायक ब्रेक. जुन्या रिगवर पाण्याचा असायचा: बंद डब्यात पाती फिरतात, पाणी घुसळलं जातं आणि तापतं. नंतर चुंबकीय आले. गुंडाळ्यांत वीज सोडली की फिरणाऱ्या पोलादी ड्रममध्ये भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि ते त्याच ड्रमच्या फिरण्याला विरोध करतात. इथे काही घासत नाही, काही झिजत नाही. फार चांगलं यंत्र आहे. पण पाण्याचा असो की चुंबकाचा, या दोघांनाही फिरणारी वस्तूच लागते. वेग कमी झाला की त्यांची पकड कमी होते आणि ड्रम थांबला की शून्य. ते ओझ्याचा वेग आवरू शकतात, ओझं धरू शकत नाहीत. शिवाय चुंबकीय ब्रेकची वीज गेली की तो नाहीच. शेवटचा वीतभर प्रवास आणि त्यानंतरचं धरून ठेवणं हँडलकडेच राहतं.

म्हणून मी या सगळ्या यंत्रणेला एकच प्रश्न विचारतो: हात सुटला तर काय?

पट्ट्याच्या ब्रेकचं उत्तर वाईट आहे. हँडलवरचा हात उठला की पट्टा सैल होतो आणि ओझं खाली निघतं. ड्रिलरला चक्कर आली, पाय घसरला, कुणी हाक मारली म्हणून तो वळला, तरी तेच. हँडलपासून दूर जायचं तर ते साखळीने जमिनीला बांधूनच जायचं असा नियम आहे, आणि प्रत्येक जुन्या रिगवर ती साखळी दिसेल. पण रिगचा फ्लोअर अखंड थरथरत असतो आणि थरथरीने साखळी आकड्यातून सुटू शकते. दोनशे टनांची मदार एका आकड्यावर ठेवणं मला कधीच पटलं नाही.

हा दोष फार जुना आहे. २७ ऑगस्ट १८५९ रोजी पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिल इथे एडविन ड्रेकच्या विहिरीत साडेएकोणसत्तर फुटांवर तेल लागलं. ती विहीर मिठाच्या विहिरी खणणाऱ्या एका लोहाराने, विल्यम स्मिथने, खणली होती. त्या काळी पाइप फिरवत नसत. दोराला बांधलेली जड छिन्नी वरखाली आपटून खडक फोडत. पुढे अशा रिगवर दोराचे वेगवेगळे रीळ आले. छिन्नी ओढायला मोठं बुल व्हील, जड केसिंग पाइप उतरवायला काफ व्हील आणि खडकाचा चुरा काढणाऱ्या लांबट बादलीसाठी सँड रील. सँड रीलची लिव्हर मला विलक्षण वाटते. रिळाचा शाफ्टच त्या लिव्हरने पुढेमागे सरकायचा. लिव्हर एका बाजूला नेली की रिळाची चकती इंजिनावर फिरणाऱ्या मोठ्या चाकाला टेकायची, नुसत्या घर्षणाने रीळ फिरायचं आणि बादली वर यायची. दुसऱ्या बाजूला नेली की तीच चकती लाकडी ठोकळ्यावर दाबली जायची आणि ब्रेक लागायचा. मध्ये ठेवली की रीळ मोकळं, बादली आपल्या वजनाने विहिरीत धावायची. उचलणं, सोडणं आणि थांबवणं, तिन्ही कामं एका दांड्यात. ड्रिलर विहिरीच्या तोंडाशी उभा राहून वाफेच्या इंजिनाचा व्हॉल्व्हसुद्धा एका दोरीने तिथूनच फिरवायचा. इतक्या थोड्या लोखंडलाकडात इतकं नियंत्रण आणणाऱ्या त्या कारागिरांपुढे मी हात जोडतो. आसामात दिगबोईला १८८९ साली पहिली विहीर सुरू झाली तीही याच आपटण्याच्या पद्धतीची.

पण मधली जागा मोकळी होती. हात सुटून लिव्हर मध्ये आली तर रिळाला कुणीच धरलेलं नसायचं. बादली हलकी असायची, म्हणून ते खपलं. १० जानेवारी १९०१ला टेक्सासमध्ये स्पिंडलटॉपची विहीर उसळली आणि फिरत्या पाइपांच्या पद्धतीचा जगभर बोलबाला झाला. विहिरी खोल गेल्या, ओझी शेकडो टनांवर पोहोचली, ड्रम मोठे झाले. दांडा मात्र तोच राहिला, हात सुटला की सोडून देणारा. जवळपास शंभर वर्षं.

मधल्या काळात त्याच्या आजूबाजूला राखणदार बसवले गेले. ड्रमवर दोराचे थर ठरलेल्या उंचीपर्यंत आले, म्हणजे ब्लॉक माथ्याला आदळायच्या बेतात आला, की दोर स्वतःच एका छोट्या व्हॉल्व्हच्या दांडीला धडकतो. मग क्लच सुटतो आणि ब्रेक लागतो. हे फार मोलाचं उपकरण आहे, आणि पाळीच्या सुरुवातीला ते तपासून न घेणाऱ्या ड्रिलरवर मी विश्वास ठेवत नसे. दुसरा राखणदार ऑटोमॅटिक ड्रिलर. डेडलाइनच्या तेलाचा दाब एका वाकड्या नळीत येतो, बिटवरचं वजन घटलं की त्या हालचालीने हवेची छोटी मोटर चालू होते आणि एका बारीक तारेने ब्रेकचं हँडल केसभर उचलते. वजन भरलं की सोडून देते. तासन्‌तास बोटभर-बोटभर दोर सोडायचं काम हे यंत्र माणसापेक्षा एकसारखं करतं. मी ते आनंदाने त्याच्याकडे सोपवलं आणि माझं लक्ष विहिरीतून परत येणाऱ्या चिखलाकडे वळवलं. बॉम्बे हायच्या चुनखडीत पोकळ्या असतात, चिखल अचानक आत गायब होऊ शकतो. तिकडे नजर असणं जास्त गरजेचं.

मग डिस्क ब्रेक आले. ड्रमच्या बाजूला मोठ्या तबकड्या आणि त्यांना चिमटीत धरणारे कॅलिपर. काही कॅलिपर रोजच्या कामाचे, तेलाच्या दाबाने बसणारे. पण थांबवून ठेवणारे आणि आणीबाणीचे कॅलिपर उलट बांधणीचे असतात: त्यांना जाड स्प्रिंग दाबून बसवते आणि तेलाचा दाब फक्त सोडवायला लागतो. नळी फुटली, पंप बंद पडला, वीज गेली, तर स्प्रिंग मोकळी होते आणि ब्रेक लागतो. ड्रिलर आता काचेच्या केबिनमध्ये खुर्चीत बसतो, हाताखाली वीतभर लांबीची जॉयस्टिक असते. ती पुढे केली तरच हुक खाली जातो. हात काढला की ती मध्यावर येते, आणि मध्य म्हणजे थांबणं. नव्या रिग्जवर ड्रमची मोटरच उलट ताकद लावून ओझं आवरते आणि उतरत्या वजनाची ऊर्जा विजेच्या रूपाने परत देते किंवा रेझिस्टरमध्ये जाळून टाकते. पण ओझं धरून उभं राहायला स्प्रिंगचा ब्रेक असतोच. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनचा हात हँडलवरून उठला की गाडीचे ब्रेक लागतात. लाखो लोक रोज या तत्त्वावर विसंबून प्रवास करतात. ते रिगच्या ड्रमपर्यंत पोहोचायला इतका उशीर लागला याचं मला दुःख आहे.

माझ्या पिढीतल्या बऱ्याच ड्रिलरांना जुन्या हँडलची फार आठवण येते. ते म्हणतात, विहीर हातात बोलायची. हे खरं आहे. बिट मऊ शेलमधून चुनखडीत शिरलं की हँडलमधून बारीक कंप तळहाताला लागायचा, कधी तबकडीचा काटा हलायच्या आधी. पाइप विहिरीच्या भिंतीला घासायला लागले की उतरणाऱ्या ओझ्याचा वेग थोडा मंद व्हायचा आणि पट्टा वेगळ्या आवाजात कुरकुरायचा. ते शिकायला मला वर्षं लागली. जॉयस्टिकमध्ये यातलं काही येत नाही, पडद्यावर आलेखाच्या रेषा येतात. तरी मी त्या मित्रांशी सहमत नाही. हँडलला बोलता यायचं कारण ते थेट ओझ्याला जोडलेलं होतं, आणि त्याच कारणाने ते माणसाला फेकूनही द्यायचं. झिजलेल्या जोडणीत ओझ्याचा झटका उलटा हँडलमध्ये आला की ते उसळतं. त्याने बरगड्या मोडलेला माणूस मी पाहिला आहे. ती संवेदना आता सेन्सरमधून मिळते. थोडी कोरडी मिळते, पण फ्लोअरवर खाली उभ्या असलेल्या पोरांच्या डोक्यावरचं ओझं त्यामुळे कुणाच्या एका हातावर टांगलेलं राहत नाही. ही अदलाबदल मला शंभरदा मान्य आहे.

समुद्रातल्या नव्या रिग्जवरून हँडल जवळपास गेलं आहे. जमिनीवर ते अजून भरपूर आहे. जुन्या विहिरी दुरुस्त करणाऱ्या वर्कओव्हर रिग्ज बहुधा पट्ट्याच्या ब्रेकवरच चालतात. तिथली ओझी समुद्रातल्यापेक्षा कमी असतात आणि त्यामुळेच दक्षताही कमी असते. निवृत्तीनंतर अशा काही रिग्जवर तरुण ड्रिलरांना शिकवायला मी जातो. मी त्यांना सांगतो की पाळीवर आल्यावर पहिल्यांदा विहिरीतल्या पाइपांचं ओझं हुकावर घेतलं की ते स्लिप्समधून हातभर वर उचलून ब्रेकवर धरा, सहायक ब्रेक बंद ठेवा, पाइपवर खडूने टेबलाच्या पातळीला रेघ मारा आणि पाच मिनिटं तिच्याकडे बघा. रेघ सरकली तर काम बंद, झाकण उघडा. हँडलच्या साखळीला एक आकडा पुरत नाही, वर पिन असलेला अडसर हवा, म्हणजे थरथरीने तो सुटणार नाही. आणि मालकांना मी सांगतो की जुन्या ड्रमलाही स्प्रिंगवर बसणारा, हवेच्या दाबाने सुटणारा ब्रेक जोडता येतो. त्यासाठी रिग काही दिवस उभी ठेवावी लागते, एवढंच. ज्या रिगवर तो बसवला जाईल तिथे मी शिकवायला माझ्या खर्चाने येईन, असं मी लेखी कळवलं आहे. एका ठिकाणाहून होकार आला आहे. काम पावसाळा संपल्यावर सुरू होईल.